सहा आठवड्यांचा पाव

"बाबा, तो पाव परत घेऊन जा," सून म्हणाली आणि मास्तरांच्या हातातलं फडकं तिनं टेबलावर टेकूही दिलं नाही.

फडक्यात दहाच्या भट्टीतला पहिला पाव होता. अजून इतका गरम, की मास्तर तो या हातातून त्या हातात करत होते. बेकरीत कामाला असलेली माणसं त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही म्हणायची, आणि आता तर पोस्टमनही पत्रावरचं नाव न वाचता "मास्तर आहेत का?" असंच विचारायचा. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे पस्तीस वर्षं, पहिल्या ताटातला एक पाव फडक्यात बांधून ते दोन गल्ल्या ओलांडून घरी यायचे, बायकोसमोर ठेवायचे आणि ती पहिला घास खाईपर्यंत उभे राहायचे. ती मान हलवायची. मग ते परत कामावर. या सगळ्यात बोलणं असं काही नसायचं. मास्तरांचं जे काही सांगणं होतं ते त्या पावातच असायचं.

"का? काय झालं पावाला?"

"ग्लूटेन."

"ते कोण?"

"गव्हातलं असतं, बाबा. आतड्याची वाट लावतं. मी दोन महिने झाले गहू सोडलाय, बघा माझी कातडी कशी झालीय." सुनेनं गाल पुढे केला. मास्तरांना तो आधीसारखाच दिसला, पण सुनेच्या गालावर मत द्यायचं नसतं एवढी अक्कल त्यांना होती. "आणि आईंचं बघा. चार घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं. लोहाच्या गोळ्या किती झाल्या, रक्त काही वाढत नाही. तुम्हीच म्हणता ना, हिचं खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून? मग काय खातात ते बघायला नको?"

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अर्धं शहर माझा पाव खातंय. कुणाचं घोडं मारलंय माझ्या पावानं?"

खुर्चीत बसलेली त्यांची बायको मुळातच चणीनं लहान. गेल्या काही वर्षांत तर ती त्या खुर्चीत इतकी मावत होती, की शेजारी अजून एक जण बसला असता. ती म्हणाली, "तुम्ही दोघं भांडून घ्या. तोवर तो गार होईल. मग वादच मिटला."

दुसऱ्या दिवशी मास्तर पावाऐवजी कणकेचा लिंबाएवढा गोळा घेऊन आले. सुनेला म्हणाले, "ये इकडं. तुझा ग्लूटेन दाखवतो."

त्यांनी नळ बारीक सोडला आणि गोळा त्याखाली धरून चोळायला लागले. दुधासारखं पांढरं पाणी वाहिलं, मग पातळ, मग नितळ. शेवटी हातात राहिला तो करड्या रंगाचा चिवट लगदा. मास्तरांनी दोन्ही हातांनी ताणला. तो लांबला, आणि सोडल्यावर हळूच मागे आला.

"ईऽऽ, रबर आहे की हे!"

"रबर नाही. हे आहे म्हणून पाव फुगतो. आत हवा होते, तिला धरून ठेवायला जाळं लागतं. हे ते जाळं. मला नाव माहीत नव्हतं, पण चाळीस वर्षं मी याच्याच जिवावर जगतोय." त्यांनी तो लगदा पुन्हा ताणला, इतका पातळ की पलीकडची खिडकी दिसावी. "याला तू विष म्हणतेस."

सून त्या पडद्याकडे बघत राहिली. क्षणभर तिलाही तो सुंदर वाटला असावा. पण ती सासऱ्यांची सून होती, लगेच हार मानेल तर कसं? "असं रबर आईंच्या पोटात रोज जातं," ती म्हणाली.

मग बायकोनंच निकाल दिला. "पोरगी एवढं जिवापाड करतेय. चार महिने सोडून बघते. नाहीच जमलं तर तुमचा पाव कुठं पळून जातोय?"

पाव पळून गेला नाही, पण मास्तरांचं दहा वाजता घरी येणं थांबलं. फडकं बेकरीत खिळ्याला लटकत राहिलं.

आणि बायको सुधारली. पोटाचा नगारा उतरला. दुपारी आडवं पडायची सवय गेली. एकदा तर कपाटावरचं सामान काढायला ती स्वतः स्टुलावर चढली. मास्तर खाली स्टूल धरून उभे होते. वर बघता बघता त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाच्या खाली काहीतरी टोचलं. ही बरी होतेय. कशापासून लांब राहून बरी होतेय?

मुलगा म्हणाला, "अंदाजपंचे नको. आईची रीतसर तपासणी करू." रक्त दिलं. रिपोर्ट आला, त्यात काहीच नव्हतं. मास्तर तो कागद हातात धरून घरभर फिरले. "बघा. म्हणत नव्हतो मी? पावात काही नाही." सुनेचं तोंड एवढंसं झालं. ते बघून मास्तरांना जिंकल्याची लाज वाटली, पण थोडी उशिरा.

कागद घेऊन सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई वयानं तरुण, पण बोलणं सरळ. रिपोर्ट वाचून त्यांनी विचारलं, "रक्त दिलं तेव्हा गव्हाचं खात होत्या ना?"

"छे! चार महिने कणभर दिलं नाही मी," सून अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"ताई, आतड्याला गहू सोसत नाही असा एक आजार असतो. तो असला तर गव्हाला शरीर कसं उत्तर देतं, तेच रक्तात शोधतो आम्ही. गहूच बंद केलात तर काय सापडणार? चोर गेल्यावर पहारा बसवलात. हा रिपोर्ट धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही."

"मग आता?"

"आता रोज पावाचे दोन तुकडे, सहा आठवडे. मग पुन्हा रक्त, आणि गरज पडली तर दुर्बिणीनं आतड्याचा नमुना."

"पण त्रास झाला तर?" मास्तरांनी विचारलं.

"होईलही. फार झाला तर लगेच या. पण नक्की कळायला हवं. हा आजार असेल तर जन्मभर चिमूटभरसुद्धा चालत नाही, हाडांपर्यंत पोचतो तो. आणि नसेल तर उगीच जन्मभर कशाला सोडायचं?"

घरी येताना सून रडली. "मी चांगलं करायला गेले, आई."

"चांगलंच केलंस. चार महिने मी माणसासारखी जगले," सासू म्हणाली. "आता सहा आठवडे पावासारखी फुगेन. चालायचंच."

त्या रात्री जेवताना सून म्हणाली, "मी नाही देणार हं तो पाव. माझ्यानं होणार नाही." द्यायचा कुणी, हे न बोलताच ठरलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मास्तर पुन्हा फडकं घेऊन दारात उभे. बायकोनं चार तुकडे कापले, दोन आपल्यापुढे घेतले. समोर बसून सुनेनंही दोन उचलले. "मीही खाते. माझंही रक्त तपासून घेऊ. एकट्या का खाल?" मास्तर नेहमीसारखे थांबले नाहीत. पहिला घास बघायचं त्यांना धैर्यच झालं नाही.

पाचव्या दिवशी नगारा परत आला. आठव्या दिवशी बायको दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपली. नवव्या दिवशी मास्तरांनी बेकरीचं दार आतून लावून घेतलं आणि चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. एका पावापुरतं पीठ वेगळं काढलं, त्यात अर्ध्याहून जास्त तांदळाचं मिसळलं, वर मात्र पातळ गव्हाचा थर चढवला आणि तो भट्टीत असा भाजला, की बाहेरून कुणी ओळखू नये.

बायकोनं सुरी चालवली. तुकडा निघालाच नाही, भुगा झाला. ती भुग्याकडे बघत राहिली. मग मास्तरांकडे.

"हा तुमचा पाव नाही."

"भट्टी जरा बिघडलीय."

"भट्टी." तिनं चिमूटभर भुगा बोटांत चुरडला. "पस्तीस वर्षं खातेय, मला शिकवता? तांदूळ घातलात."

मास्तरांनी भुगा फडक्यात गोळा करायला घेतला.

"अहो, तुमच्या या मायेनं परत काहीच सापडलं नाही म्हणजे? परत चार महिने, परत सहा आठवडे? मला असं अधांतरी ठेवणार का?" ती चिडली होती, पण आवाज मधेच फुटला. "एकदा कळू तर द्या मला काय झालंय. किती वर्षं मी आळशी आहे की काय, असंच वाटत आलंय मला."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. मास्तरांना वाटत होतं, आपण दोघंही कमी बोलणारे. आज लक्षात आलं, की त्यातलं एक जण नुसतं थकलेलं होतं.

"आणि सोडायचाच असेल," तिनं डोळे पुसले, "तर नीट भाजलेला खाऊन सोडेन. असला भुगा नको. जा, चांगला घेऊन या."

मास्तर गेले. दुपारच्या भट्टीतला सगळ्यात उत्तम पाव निवडला. कडा तांबूस, मधे मऊ. घेऊन आले आणि या खेपेला ती खाईपर्यंत उभे राहिले. तिनं मान हलवली.

झालेली लबाडी डॉक्टरीणबाईंना सुनेनंच फोन करून सांगितली. बाई म्हणाल्या, एका दिवसानं फार बिघडणार नाही, पण पुन्हा तसलं काही नको. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. सहाव्या आठवड्याच्या शेवटी रक्त दिलं. मग दुर्बीण झाली. आता रिपोर्ट बोलला. आतड्यातली लव, ज्यातून अन्न अंगी लागतं, ती झिजून सपाट झाली होती. बहुतेक कित्येक वर्षांपासून.

"आणि माझं?" सुनेनं विचारलं.

"तुम्हाला काही नाही. गहू बंद करून तुम्ही काही मिळवलं नाहीत. उलट पाकिटातली ती 'ग्लूटेनमुक्त' बिस्किटं खात होतात ना? त्यात साखर किती असते ते वाचा एकदा. बहुतेकांना यातलं काही सोडायची गरज नसते. तुमच्या यजमानांचं रक्त तेवढं तपासून घ्या, रक्ताचं नातं आहे." मुलाचंही साफ निघालं.

म्हणजे सून बरोबर होती आणि मास्तरही बरोबर होते. पण जिंकल्यासारखं कुणालाच वाटलं नाही.

घरी आल्यावर मास्तर खुर्ची ओढून बायकोसमोर बसले. मग म्हणाले, "मीच आणून देत होतो. रोज. उभा राहून बघत होतो."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तरी."

"तरी काय तरी! मला आवडायचा म्हणून खात होते. कुणी डोक्यावर बंदूक धरली नव्हती. खरं सांगू? कधी कधी नाही आवडायचा. पण तुमचं तोंड असं व्हायचं ना, परीक्षेचा निकाल लागायचाय जणू. कोण नाही म्हणणार?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, घरात गव्हाचं पीठ उडता कामा नये. मास्तरांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. बेकरीतच अंघोळ, बेकरीतच कपडे बदलायचे, नखं ब्रशनं घासायची. सुनेनं घरातल्या सुऱ्या, पाट, डबे सगळे नवे आणले आणि स्वतःचा पाव ती आता बेकरीत जाऊन खाऊन यायची. मास्तर तिला कडेचा तुकडा देत. ती म्हणायची, "बाबा, आज मीठ कमी आहे." असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

काही महिने गेले. बायकोचं रक्त वाढलं, गालावर मांस आलं, आणि तिला घरात बसवेना. बाजार तीच करायला लागली. बाजाराचा रस्ता बेकरीवरून जातो.

आता दहाच्या सुमारास मास्तर पीठ माखलेल्या अंगानं दुकानाच्या पायरीवर येतात आणि तिथंच थांबतात. ती समोरच्या फुटपाथवर थांबते. रस्ता मधे. ती अलीकडे येत नाही, ते पलीकडे जात नाहीत.

"भोपळा आणलाय!" ती ओरडते.

"काय?"

"भोपळा! आणि तुमची ती गुडघ्याची गोळी!"

"बरं! आणि दूध?"

मधून बस जाते. बस गेली की ती तिथंच असते, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन.

"आणलं!" ती म्हणते. "अजून काय सांगायचंय?"

मास्तर पांढरे हात अंगापासून लांब धरून उभे असतात आणि अजून काय सांगायचंय ते आठवायला लागतात. गिऱ्हाइकं खोळंबतात.