दाखवायची गाडी

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो, पण 'जुनी' म्हटले म्हणून लगेच हळहळू नका. काम करून म्हातारपण आले तर त्यात मान असतो. मला ते उभ्याउभ्या आले. मी कुणाला कधी कामावर पोचवले नाही, कुणा आजाऱ्याला दवाखान्यात नेले नाही. सुंदर दिसणे, एवढेच माझे काम होते. त्या कामाची मला आता किळस येते.

माझा कारखाना एके काळी नावाजलेला होता. तो उभारणारे थोरले मालक सकाळी आले की कोट खुंटीला टांगत, जमिनीवर पोते अंथरत आणि खुशाल गाडीखाली शिरत. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ते एकही गाडी फाटकाबाहेर सोडत नसत. ते गेले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचे चिरंजीव बसले. धाकट्या मालकांनी गाडीखाली कधी डोकावूनही पाहिले नाही. पँटची इस्त्री मोडली असती ना!

तोवर बाजारात हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या होत्या. आमचे गिऱ्हाईक आटू लागले. शहाण्या माणसाने नवे इंजिन तयार केले असते. आमच्या शहाण्यांनी दिव्यांभोवती चकचकीत कडी बसवली, नाकावरचा बिल्ला दुप्पट मोठा केला, त्याच गाडीला नवे नाव दिले आणि किंमत वाढवली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! लोकांनी ती घेतली नाही, तेव्हा धाकटे मालक म्हणाले, "आपल्या लोकांना कदरच नाही. परदेशात विकू या."

परदेशात बहुतेक ठिकाणी गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात, म्हणून स्टीअरिंगही दुसऱ्या बाजूला लागते. तशी नमुन्याची पहिली गाडी म्हणजे मी. मला कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींनी घडवले. त्यांनी स्टीअरिंग हलवले आणि वायपरही उलटे बसवले. आमच्या गाड्यांचे वायपर चालकासमोरची काच अगदी कडेपर्यंत पुसत आणि शेजारच्या बाजूला एक पट्टा तसाच सोडत. चालकाची जागा बदलून वायपर तेच ठेवले, तर तो न पुसलेला पट्टा नेमका चालकाच्या डोळ्यांपुढे येतो. मिस्त्रींनी त्यासाठी माझा पत्रा कापला, नवा जोडला, आणि सांधा कुठे आहे ते मलाही शोधून सापडत नाही.

मला बघायला समुद्रापलीकडून एक बाई आल्या. नवऱ्याच्या माघारी त्या गाड्यांचे दुकान चालवत होत्या. त्यांच्या गावात वर्षातून चार दिवस कोरडे गेले तर नवल. त्यांनी माझ्यावर पाण्याचा पाइप सोडायला लावला, आत बसून वायपर सुरू केले आणि काच कडेपर्यंत पुसली जाते का ते पाहिले.

"आमचं गाव लहान आहे," त्या दुभाष्याला म्हणाल्या. "काही बिघडलं तर लोक तुमच्या कारखान्याला विचारणार नाहीत. मला विचारतील."

स्टीअरिंग त्यांच्या बाजूचे म्हणून की काय, मला त्यांची भाषा कळत होती. दुभाष्याने मालकांना सांगितले, "बाई खूश आहेत." तेही खोटे नव्हते. आसपासच्या गावांसाठीही मिळून त्यांनी जहाजभर गाड्या मागवल्या.

त्या गेल्या आणि माझ्याच शेजारी उभे राहून पुढचे ठरले.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, हिच्यासारखे वायपर हवे असतील तर पत्र्याचा साचा बदलावा लागेल. वेळ लागेल."

"जुने वायपर फिरतात की नाही?"

"फिरतात. पण चालवणाऱ्याला कडेचं दिसत नाही."

"मग त्याने जरा वाकून बघावं!" मालक म्हणाले आणि भोवतीचे सगळे हसले. साहेब हसले की हसायचे, याचाच त्यांना पगार होता. "साचा नाही बदलायचा. त्यापेक्षा दर्शनी दालनाला काच लावून घ्या. पाहुण्यांवर छाप पडते."

मिस्त्री पुन्हा काही बोलले नाहीत. खात्यातल्या कामगारांचे पगार थकले होते आणि जहाज भरले तरच ते मिळणार होते. मला मिस्त्रींचा राग येतो आणि दयाही येते. मालकांची मात्र शिसारी येते.

गाड्या जहाजावर चढल्या त्या दिवशी माझ्या टपावर हात ठेवून मालकांनी फोटो काढून घेतला. गेलेल्या गाड्यांतली एकही माझ्यासारखी नव्हती. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण हत्तीवरून पडली म्हणतात. बिचारा हत्ती निदान कुणाला दात विकत तरी नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाई परत आल्या. मालकांनी पुढे केलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. त्यांनी उभ्यानेच सांगितले : त्यांच्याकडून गाडी घेतलेली एक शिक्षिका पावसात अगदी हळू चालली होती. चालकाच्या बाजूने गावचा पोस्टमन सायकलवरून रस्ता ओलांडत होता. तो काचेच्या त्या न पुसलेल्या पट्ट्याआड आला. त्याला धडकून गाडी भिंतीवर गेली. पोस्टमनचा पाय कायमचा अधू झाला आणि शिक्षिकेने पुन्हा स्टीअरिंगला हात लावला नाही.

"ती गाडी त्यांनी माझ्या शब्दावर घेतली होती," बाई म्हणाल्या. "सगळ्या गाड्या नीट करून द्या. मला दुसरं काही नको."

दुभाषी घसा खाकरून म्हणाला, "बाई म्हणतात, एक अपघात झाला. पावसात थोडी अडचण होते."

मालकांनी सरळ काखा वर केल्या. गाडी पोचती झाली की कारखान्याची जबाबदारी संपली, असे करारात होते म्हणे. मग ते गोड हसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही नमुन्याची गाडी आमच्याकडून भेट. घेऊन जा."

बाईंनी माझे वायपर नीट निरखले आणि त्या 'हो' म्हणाल्या. त्या बाहेर पडताच मालक म्हणाले, "बघितलंत? चकचकीत वस्तू दिली की लोक गप्प बसतात." शी! कुणाच्या मोडलेल्या पायाची किंमत म्हणून मला देऊन टाकले होते आणि तो माणूस टाळी मागत होता.

बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मला दुकानात उभे केले आणि ती भिंतीवर आदळलेली गाडी, चेपलेल्या नाकासकट, माझ्या शेजारी आणून ठेवली. दारावर पाटी लावली : 'हे दाखवले. हे पाठवले.' मग गावोगावच्या गाड्या एकेक करून परत बोलावल्या आणि माझ्या पत्र्याची मापे घेऊन, पदरमोड करून, त्या वायपर बदलून देऊ लागल्या. नव्या गाड्या विकणे त्यांनी थांबवले. निम्मे दुकान भाड्याने गेले.

एके दिवशी कुबडी टेकत पोस्टमन आला. आधी तो मोडक्या गाडीत बसला. मग माझ्या आत बसला. "जरा पाणी टाका," तो म्हणाला. बाईंनी काचेवर बादली ओतली. त्याने वायपर सुरू केले. काच कडेपर्यंत लख्ख झाली. त्याने त्या कडेवर बोट टेकवले.

"म्हणजे त्यांना जमत होतं," तो म्हणाला.

बाईंनी रिकामी बादली खाली ठेवली. आजवर कुणी केलेली माझी स्तुती मला इतकी लागली नव्हती.

मित्रांनो, ज्याला एखादी गोष्ट जमतच नाही, त्याला माफ करता येते. उद्या तुम्हीही काहीतरी घडवाल, बांधाल, विकाल. तेव्हा पाहुण्यापुढे ठेवाल तेच त्याच्या घरी पाठवा. आणि या दुकानात आलात तर माझ्या रंगावरून हात फिरवून 'काय गाडी आहे!' म्हणू नका. आधी शेजारच्या गाडीत बसून या.