निवडलेला घेवडा

बियाणे कार्यालयातल्या मॅडम घेवड्याचा नमुना न्यायला घरी येऊन बसल्या, तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदाच थोरलीच्या जिवाला जरा स्वस्थता आली होती. दोन वर्षं त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून तिच्या नाकी नऊ आले होते.

झालं होतं असं, की एका कंपनीने ठिपक्यांच्या घेवड्यावर हक्क सांगितला होता. हा वाण म्हणे त्यांनी शोधून काढला. थोरलीच्या सासूबाई तो पेरत होत्या तेव्हा त्या कंपनीचा मालक रांगतही नसेल. पण हक्क एकदा कंपनीला मिळाला, की ते बी विकायचं नाही, शेजाऱ्याला मूठभर द्यायचंही नाही, आणि पेरायचं तर त्यांच्याकडून विकत घेऊन. त्याआधी वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवणं, एवढा एकच उपाय होता.

आणि नोंदणी काही होत नव्हती, कारण थोरलीचा घेवडा एकसारखा नव्हता. पांढरा, काळा, तांबडा, ठिपक्यांचा, सगळा एकाच कोठीत नांदायचा. "साहेब, पाऊस ओढला की काळा तगतो, जास्त झाला की पांढरा. थंडी लवकर आली तर तांबडा आधी हाती लागतो. ठिपक्यांचा दिसायला देखणा, पण नाजूक. सगळे एकत्र पेरले की कुठला ना कुठला घर चालवतो," असं ती दर खेपेला कार्यालयातल्या साहेबांना सांगायची. साहेब शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते सगळं खरं, पण आधी एकसारखा करून आणा."

शेवटी साहेबांची बदली झाली आणि या मॅडम आल्या. त्यांनी एक अचाट काम केलं. नियम शेवटपर्यंत वाचला. मिश्र वाण मिश्र म्हणूनच नोंदवता येतो, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. फक्त नमुना ज्याच्या घरात सापडेल त्याच्या नावावर नोंद व्हायची, आणि मुदत आज संपत होती.

"बसा हं, आणते," म्हणून थोरली आत गेली. कोठीचं झाकण काढलं आणि तिथेच थिजली.

कोठीत तळापासून वरपर्यंत ठिपक्यांचा घेवडा होता. चकचकीत, टपोरा, एकसारखा.

"अहो," तिने हाक मारली.

नवरा हसतच आला. ही हाक कौतुकाची आहे, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. "बघितलंस? तुझ्या नकळत आठवडाभर बसून एकेक दाणा निवडलाय. आता तुझ्या साहेबांची काय बिशाद नाही म्हणायची."

"बाकीचा कुठेय?"

"कोंबड्यांना घातला. सगळा."

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. या घरात बी ठेवायची एकच रीत होती. डोळे मिटून ढिगाच्या चारी बाजूंनी ओंजळी भरायच्या, देखणं म्हणून काही उचलायचं नाही. सासूबाईंनी ती तिला शिकवली होती आणि नवऱ्याला तर लहानपणापासून माहीत होती. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला, आता मिश्रच चालतो म्हणून? पंधरवड्यापूर्वी जेवताना सांगितलं."

"तू जेवताना इतकं सांगतेस. सगळं कुठे लक्षात राहतं?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बाहेर मॅडम बसल्या होत्या. बोलणं ऐकून त्याच आत आल्या आणि कोठीत डोकावून हळूच म्हणाल्या, "ताई, हा तर हुबेहूब कंपनीचाच. हा नेला तर आपणच त्यांची बाजू मांडल्यासारखं होईल."

शेत रिकामं होतं, पेरणीला अजून अवकाश होता. मग थोरली मॅडमना घेऊन शेजारी निघाली. वर्षानुवर्षं तिने अख्ख्या गल्लीला बी दिलं होतं, कुणाकडे तरी असणारच. गिरणीवाल्याने अभिमानाने डबा उघडला. नुसता ठिपक्यांचा. "म्हटलं, तुमच्या कामात आपलाही हातभार." शिंपीणबाईंनीही निवडून ठेवला होता, वर धुऊन वाळवलाही होता. ज्याच्या त्याच्यापाशी तिने दोन वर्षं साहेबांच्या नावाने बोटं मोडली होती. त्यातलं 'एकसारखा हवा' एवढंच सगळ्यांनी मनावर घेतलं होतं. या प्रेमाचं आता करायचं काय, ते तिला कळेना.

राहिला धाकटा दीर. तो वेगळा राहायचा आणि कामाचं नाव काढलं की त्याची पाठ दुखायची. थोरलीने दिलेलं बी त्याने गेल्या वर्षी पेरलंही नव्हतं. ती त्याच्या दारात गेली तेव्हा तो खाटेवर पडलेला होता.

"भाऊजी, घेवडा निवडलात?"

"निवडणार होतो वहिनी," तो उठून बसत म्हणाला, "पण जमलं नाही."

त्याने खाटेखालून पोतं ओढलं. त्यात काडीकचरा होता, खडे होते, आणि पांढरा, काळा, तांबडा, ठिपक्यांचा सगळा घेवडा होता. थोरलीने ओंजळ भरून चारी रंग नीट पाहून घेतले. जन्मात पहिल्यांदा तिला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि याचीही तिला चीड आली.

मॅडमनी डोळे मिटून चारी बाजूंनी ओंजळी घेतल्या. थोरलीने तसं घ्यायला लावलं. मग त्यांनी कागद काढला आणि दिराला विचारलं, "पेरता कधी?" दिराने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने सांगितलं. "दोन ओळींत अंतर किती?" पुन्हा तेच. सगळी उत्तरं थोरलीने दिली आणि सगळी दिराच्या नावाखाली लिहिली गेली.

"आणि हा वाण जपला कोणी?"

थोरलीने दिराकडे पाहिलं. "एवढं तरी तुम्ही सांगा, भाऊजी."

"आमच्या वहिनीने," दीर म्हणाला. "मी काहीच केलेलं नाही."

मॅडमचं पेन थांबलं. "ताई, नमुना यांच्या घरातला आहे. इथे दुसरं नाव लिहिलं तर कंपनीचा वकील उद्याच बोट ठेवेल. मला माहीत आहे, हे बरोबर नाही."

थोरलीला बी घेताना मिटलेल्या सासूबाईंच्या डोळ्यांची आठवण झाली. चाळीस माणसांच्या पेरण्या तिने दिलेल्या बियाण्यावर झाल्या होत्या आणि कागदावर तिला बोटभर जागा नव्हती. तिला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडायचं ते मात्र समजेना, कारण जो तो तिच्याच भल्यासाठी झटत होता.

"लिहा त्यांचं," ती म्हणाली. "लवकर लिहा, कार्यालय बंद होईल."

दिराने सही केली आणि जरा घाबरून विचारलं, "म्हणजे आता दरवर्षी मला पेरावा लागणार?"

"तुम्ही पडून राहा," थोरली पोत्याचं तोंड बांधत म्हणाली. "पेरायला मी आहे."