पहिल्या फटक्यात फुटणारा टीव्ही

सासूबरोबर दुकानात शिरल्याशिरल्या सुनेने सगळ्यात पातळ पडद्याचा टीव्ही हेरला आणि हाच घ्यायचा असं मनाशी ठरवून टाकलं. बोट टेकवलं तरी चित्रावर डाग उमटत होता. सेल्समन धावत आला. "ताई, दाबू नका, फुटेल तो."

"किती जोरात मारल्यावर?"

सेल्समन हसला. त्याला वाटलं, घरात दांडगी मुलं असतील. घरात मूल नव्हतं, चाळिशीचा नवरा होता. तो ट्रकच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. तिथे त्याला सगळे 'घण' म्हणायचे आणि त्याला ते नाव फार आवडायचं. गंजलेला नट कुणाला दाद देईना की घणाला हाक जायची. घरी गंजलेले नट नव्हते, पण घणाला त्याची अडचण कधी वाटली नाही. मॅच हरली, मालक बोलला, भाजी गार झाली, काहीही होवो, वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. आणि वांगं म्हणजे समोर जे असेल ते.

समोर बहुतेक वेळा टीव्ही असायचा. पहिला लाथेने गेला. नंतरच्या एकावर स्टूल बसलं, एक त्याने भिंतीवरून उपटून अंगणात फेकला. काच खळ्ळकन पडली की राग उतरायचा. मग दम टाकत तो खुर्चीत बसायचा, पाणी मागायचा आणि घोरायला लागायचा. सासू काचा वेचता वेचता म्हणायची, "टीव्हीवर निभावलं." घरात कुणी वारल्यावर म्हणतात तसं, खालच्या आवाजात.

एक टीव्ही फुटून दुसरा येईपर्यंतचे दिवस सुनेने अंगावर काढले होते. मागच्या खेपेला नवा यायला उशीर झाला आणि त्याने तिचा हात शिलाई मशीनच्या कडेवर आपटला. कोपर मोडला. दवाखान्यात तिने जिन्यावरून पडले असं सांगितलं. घर तळमजल्यावर होतं, पण ते कुणी विचारलं नाही. तो कोपर अजून सरळ होत नव्हता. आता परत टीव्ही फुटला होता, आणि दोन दिवस तिचा डावा कान नुसता गुणगुणत होता.

म्हणून तिला टीव्ही हवा होता. पहिल्या फटक्यात फुटणारा, फुटताना मोठा आवाज करणारा, आणि स्वस्त, म्हणजे परत आणता येईल असा. चित्र कसं दिसतं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

पण पैसे सासूच्या पेन्शनचे होते. इस्पितळात जन्मभर आया म्हणून राबलेली बाई, घासाघीस केल्याशिवाय साधी सुई घ्यायची नाही. "हा काय पुठ्ठा दाखवतोस!" ती सेल्समनवर खेकसली. "टिकाऊ दाखव काहीतरी."

सेल्समनने त्यांना कोपऱ्यातल्या एका धुडाकडे नेलं. शाळांच्या हॉलसाठी बनवलेलं मॉडेल, पुढे जाड काच. खोका उघडलेला, शेवटचा पीस, म्हणून भाव पाडलेला. त्याने काचेवर मूठ आपटून दाखवली. "चेंडू मारा, काही होणार नाही. आणि आवाज ऐका, आजी." त्याने आवाज वाढवला तशी पलीकडची गिऱ्हाइकं कान झाकून ओरडायला लागली. सासूचा चेहरा उजळला.

सुनेने तिला वॉशिंग मशीनच्या रांगेआड ओढलं. "आई, तो नको."

"का गं?"

"तो फुटणार नाही."

"अगं, म्हणूनच तर!"

"मग ते काय फोडतील?"

सासूने नजर वळवली. थोडा वेळ ती मशीनवरचं स्टिकर वाचत राहिली. मग म्हणाली, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. किती काचा वेचायच्या मी? दोनदा हाताला लागलं की येईल ताळ्यावर."

"आणि तोवर माझं काय?"

"मी आहे ना."

सुनेच्या डोक्यात सणक गेली. कोपर मोडला तेव्हाही त्या होत्याच. स्वयंपाकघरात, चहा गाळत.

सासूने आणखी भाव पाडला, स्टँड फुकट उकळलं, आणि लढाई मारल्यासारखी रिक्षात बसली. त्या दिवसापासून तिला त्या टीव्हीचं कोण कौतुक! रोज ओल्या फडक्याने पुसणं, शेजारणींना बोलावून काचेवर टकटक करून दाखवणं. सून मात्र कात्री कपाटात ठेवायला लागली होती.

रविवारी दुपारी मॅच होती. सून खोलीच्या कोपऱ्यात शाळेच्या गणवेशांच्या कॉलरना इस्त्री करत होती. शेवटच्या क्षणी हातातली मॅच गेली. घणाने स्टीलचा पेला भिरकावला. पेला काचेवर ठण्णकन आपटला, उलटा आला आणि त्याच्याच हनुवटीवर बसला.

सासूने टाळी वाजवली. "बघितलंस? ओरखडासुद्धा नाही!"

तो उठला आणि सगळं बळ एकवटून त्याने काचेवर ठोसा मारला. मोडल्याचा आवाज आला, पण तो काचेचा नव्हता. त्याच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली, आणि पडद्यावरचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत राहिले. गुरासारखा हंबरत त्याने डाव्या हाताने स्टूल उचललं. तेवढ्यात सासू हात पसरून टीव्हीपुढे उभी राहिली. "याला हात लावायचा नाही! माझ्या पेन्शनचा आहे हा!"

अशी ती सुनेपुढे कधीच उभी राहिली नव्हती. त्या गडबडीतही सुनेला ते टोचलं.

त्याने स्टूल टाकलं आणि आईच्या तोंडावर फाडकन मारली. म्हातारी भेलकांडली, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आदळलं, तोंडातून रक्त आणि एक दात जमिनीवर पडला. जन्मात पहिल्यांदा त्याचा हात आईवर उठला होता. क्षणभर तोही त्या दाताकडे बघत राहिला. पण अजून काही फुटलं नव्हतं. त्याची नजर खोलीभर फिरली आणि सुनेवर थांबली.

"तूच आणवलास हा. मला हात मोडायला लावलास!"

त्याने तिचे केस धरले, तिला ओढत शिलाई मशीनपाशी नेलं आणि तिचं तोंड लोखंडी कडेवर आपटलं. मग तोच मोडका कोपर पकडून उलटा पिळला. कळ डोक्यापर्यंत गेली. पण तिच्या दुसऱ्या हातात इस्त्री होती, तापलेली, वायर ताणून प्लगमधून निसटलेली. तिने ती त्याच्या मनगटावर टेकवली आणि दाबून धरली.

चरचर झाली, जळक्या कातडीचा वास सुटला. त्याने किंकाळी फोडून तिला सोडलं. तिने इस्त्रीचं टोक त्याच्या खांद्याच्या हाडावर हाणलं. तो वाकला, तशी गुडघ्यावर हाणली. तो पडला. तिला थांबवेना. कान, कोपर, गरम पाण्याने भाजलेली पाठ, सगळ्याचा राग तिच्या मुठीत उतरला होता, आणि तिला बरं वाटत होतं. पाठीवर आणखी एक बसला तेव्हा त्याने डोक्यावर हात धरले.

"ऊठ," ती म्हणाली. लग्नानंतर 'अहो'शिवाय तिने त्याला हाक मारली नव्हती. "चालता हो. परत हात उचललास तर डोकं फोडीन तुझं."

तो भिंत धरत, एक पाय ओढत उंबऱ्याबाहेर गेला आणि पायरीवर कोसळला. "आई," तो म्हणाला.

सासू उठली. तोंडावर हात दाबून दारापाशी गेली. सुनेने इस्त्री घट्ट धरली. आता ही त्याला पाणी नेऊन देईल, 'निभावलं' म्हणेल, आणि सगळं परत होतं तसं सुरू होईल. सासूने दार लोटलं. वरची कडी लावली, खालचीही लावली.

तो दारावर धपाधप मारायला लागला. "आई, दार उघड! हात मोडलाय माझा. आई, पाणी तरी दे गं!" आवाज लहान पोराचा झाला होता. तिच्या पोराचा. सासूचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळे भरून आले, हात आपसूक कडीकडे गेला.

सासूने हात मागे घेतला. ती वाकली, खुर्चीखाली गेलेला रिमोट काढला आणि आवाज वाढवायला लागली. बटण दाबतच राहिली. फळीवरचे कप किणकिणले, खिडकीची तावदानं थरथरली. मग ती सुनेजवळ जमिनीवर बसली, तिचा सुजलेला कोपर मांडीवर घेतला आणि इस्पितळात शिकली होती तसा फडक्याने हळूहळू बांधायला लागली.

दार अजून वाजतंय की थांबलं, ते दोघींना कळत नव्हतं.