शेवटी काय बोलायचं

आई गेल्यावर महिन्याभरात रुचिताला ठाण्याहून दळवींचा फोन आला. एका खाजगी रुग्णालयात ते माणसांच्या भरतीचं बघत. आईबद्दल दोन शब्द रीतसर बोलून त्यांनी घसा खाकरला.

"राग मानू नका ताई. पण तुमच्या संस्थेतून येणारी प्रत्येक बाई मुलाखत संपताना एकच वाक्य म्हणते. 'मला संधी द्या, मी संधीचं सोनं करीन.' आता मी सराफाचं दुकान टाकायचंच बाकी आहे."

रुचितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, म्हणायच्या आधी सगळ्या छातीवर हात ठेवून थांबतात. एकदा आमच्या डॉक्टरीणबाई उठून नाडी बघायला निघाल्या होत्या. साहेब म्हणतात, पोपट नकोत. उद्याच्या बाईनंही तेच केलं, तर तुमच्याकडून कुणाला घ्यायचंच नाही, असं ठरलंय."

आई शाळेतून निवृत्त झालेली. कोपरच्या समाजमंदिरात दर शनिवारी ती धुणीभांडी करणाऱ्या किंवा कधीच घराबाहेर न पडलेल्या बायकांना नोकरीसाठी तयार करायची. स्वतः साहेब होऊन टेबलामागे बसायची आणि त्यांच्याकडून मुलाखतीचा सराव करून घ्यायची. ठाकुर्लीला असाच दुसरा वर्ग निघणार होता. पण बहुतेकींना नोकरी देणारं हे रुग्णालयच उरलं नाही, तर वर्ग काढून करायचं काय?

उद्याची बाई म्हणजे ठाकुर्लीच्या रमाबाई, आयाच्या जागेसाठी. दुपारी रुचितानं त्यांना वर्गातल्या बाकीच्या बायकांसोबत समाजमंदिरात बोलावलं आणि आईच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारले. उत्तरं नीट आली. शेवटी रमाबाईंनी छातीवर हात ठेवला, डोळे किंचित मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मला संधी द्या, मी संधीचं सोनं करीन."

रुचिता बघतच राहिली. शेवटच्या वर्षात आईला धाप लागायची. लांब वाक्य बोलायचं, तर आधी असंच थांबावं लागे. बायकांनी तेही वाक्यासोबत उचललं होतं.

"हात कुणी सांगितला ठेवायला?"

"सांगितला नाही. मोठ्या बाई करून दाखवायच्या ना."

"हे वाक्य उद्या म्हणू नका."

"अगं बाई! का?"

"तिथे ऐकून कंटाळलेत."

"मोठ्या बाईंनी शिकवलेलं टाकून देऊ? आणि मग शेवटी काय बोलू? तशीच उठून येऊ?"

मागे बसलेली प्रीती म्हणाली, "रमाकाकी, टाटा करून ये." बायका हसल्या. रमाबाई हसल्या नाहीत.

रुचितानं विषय बदलला. "सासूबाई अंथरुणावर होत्या तुमच्या. कूस कशी बदलायचात?"

"एकटीनंच. नवरा कामावर गेलेला असायचा." रमाबाईंनी प्रीतीला हाताला धरून बाकावर आडवी केली. तिचा गुडघा वाकवला, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि अलगद स्वतःकडे वळवली. "ओढायचं नाही. कातडी सोलते म्हातारीची."

"अगं ए काकी, मी म्हातारी नाय हां," प्रीती ओरडली.

"उद्या हे सांगा," रुचिता म्हणाली. "आणि बोलणं संपलं की गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी ती रमाबाईंबरोबर ठाण्याला गेली. बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आतलं काही ऐकू येत नव्हतं.

रमाबाई बाहेर आल्या त्या पदर सारखा करत. चेहऱ्यावरून काही कळेना.

"घेतलं," त्या म्हणाल्या. "साहेबांनी म्हातारीचं सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, आणखी काही सांगायचंय?"

"मग?"

"सवयीनं हात गेलाच हो छातीवर. श्वासपण घेतला. वाक्य अगदी ओठावर आलेलं. तेवढ्यात तुमचं आठवलं, तशी गप्प बसले. साहेब आपले वाट बघतायत. मग मीच विचारलं, ड्युटी कधीपासून?" त्या जरा ओशाळल्या. "वाक्य टाकलं ताई, पण ते थांबणं काय जाईना. शनिवारी दोनदा सराव करते, म्हणजे तेपण सुटेल."

रुचितानं पर्स खांद्याला लावली. दोघी जिन्यापर्यंत आल्या.

"नको," ती म्हणाली. "तेवढं राहू द्या."