बायजीने सांगितलेला दोष

पुरस्कार समितीवर माझी वर्णी लागली ती गुणांमुळे नव्हे, पांढऱ्या शर्टामुळे. जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांना समितीत एक 'प्रतिष्ठित नागरिक' हवा होता. घोलवडला चिकूची वाडी असलेला, केस पिकलेला आणि भर सकाळी रिकामा सापडणारा माणूस म्हणजे प्रतिष्ठित नागरिकच. माझ्या बायकोने हे ऐकलं आणि म्हणाली, "घरात कोणी विचारत नाही, म्हणून बाहेर न्यायनिवाडा करायला निघालेत."

आमचा पालघर जिल्हा तेव्हा नवा होता. लोकांचा सरकारी माणसावरचा विश्वास मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेलेला. कोणी मोजणीला गेलं तर लोक दारं लावून घ्यायचे, कोणी सुई घेऊन गेलं तर पोरं घेऊन रानात पळायचे. साहेब तरुण, मनाने चांगले. त्यांनी 'लोकविश्वास पुरस्कार' काढला. वर्षातून एका चांगल्या कर्मचाऱ्याला द्यायचा, आणि ऑफिसात बसून नव्हे, लोकांना विचारून ठरवायचा. समितीने गावात जायचं, कर्मचाऱ्याला तिथून बाजूला पाठवायचं आणि लोक काय म्हणतात ते ऐकायचं. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र हे ठरलेलंच. पण त्याला जोडून आणखी एक गोष्ट होती: ज्याला पुरस्कार, त्याला मागेल तिथे बदली.

दोन हजार सतरा साली त्या बदलीवर माझ्या शेजारच्या घराचं सगळं अडकलं होतं.

आमच्या कुंपणाला लागून कुसुमबाईंचं घर. त्यांची सून जयश्री तलासरी तालुक्यात, झरी गावाच्याही आत एका पाड्यावर नर्स होती. बाळंतपणं काही वेळ सांगून येत नाहीत, म्हणून तिला तिथल्याच खोलीत राहावं लागे. नवरा जतीन वापीला कारखान्यात, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यांची सात वर्षांची निलम आजीपाशी वाढत होती. जयश्री रविवारी यायची, पोरीच्या वेण्या घालायची, डबे धुंडाळायची, आणि संध्याकाळी परत जाताना कुंपणापाशी उभी राहून माझ्या बायकोला सांगायची, "काकी, जरा लक्ष असू द्या हां."

त्या वर्षी कुसुमबाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. डाळीतले खडे दिसेनात, मग पोरीचा ताप कसा दिसणार? जतीनची थोरली बहीण सुरतेला असते, तिला मूलबाळ नाही. तिने निरोप पाठवला: जूनपासून निलमला माझ्याकडे द्या, इथल्या शाळेत घालते, माझीच समजून वाढवते. त्या शेवटच्या तीन शब्दांनी जयश्रीची झोप उडाली. आमच्या किनाऱ्याकडे एका आरोग्य उपकेंद्रात जागा रिकामी होती. ती मिळाली तर पोर आईपाशी राहणार, नाही मिळाली तर सुरतेला. इतका साधा हिशेब होता.

तिचं नाव पुरस्काराच्या शेवटच्या तिघांत आलं, तेव्हा कुसुमबाई काठी टेकत माझ्या ओट्यावर आल्या. "काशीनाथभाई, आता सगळं तुमच्या हातात."

"माझ्या हातात काय आहे, वहिनी? लोक सांगतील ते होणार."

"मग झालंच म्हणा," त्या म्हणाल्या. "तिथले लोक तर तिला देव मानतात."

मलाही तसंच वाटत होतं. म्हणूनच ती माझी शेजारीण आहे हे मी समितीत बोललो नाही. कोणी विचारलंही नाही. लोकच भरभरून बोलणार, मग आपण कशाला मध्ये लुडबूड करा!

एप्रिलमध्ये आम्ही पाड्यावर गेलो. साहेब, कोसबाडच्या निवृत्त शिक्षिका नूतनताई आणि मी. आंब्याखाली आमच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या, समोर बायाबापडे जमिनीवर बसलेले. नियमाप्रमाणे जयश्रीला दुसऱ्या पाड्यावर पाठवलं होतं. जाताना ती माझ्याकडे बघून ओळख न दाखवता हसली होती, आणि मला उगाचच पोट भरल्यासारखं वाटलं होतं.

लक्ष्या म्हणून पाड्यातला जाणता माणूस पहिल्यांदा उठला. साहेब म्हणाले, "सिस्टरांबद्दल मोकळेपणाने सांगा."

"काय सांगू? ती काय कामाची नाय."

माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"हाक मारली तरी येत नाय," लक्ष्या आमच्याकडे न बघता, पाठ केल्यासारखा म्हणाला. "निजून राहते."

मग हिरी उठली. तिच्या कडेवर एक गुटगुटीत पोरगा. "पोरांना टोचत नाय," ती म्हणाली. पोराच्या मांडीवर टोचल्या जागी लावलेला कापूस अजून चिकटलेला होता. सोमी म्हणून एक तरुण बाई उठली, "ती आमच्यावर लई खेकसते," एवढं बोलली, आणि तिला हसू फुटलं. तिने पदर तोंडावर घेतला आणि खाली बसली.

इतकं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या वाडीतले गडी उशिरा आले की याहून बरी कारणं देतात. साहेबही काही दूधखुळे नव्हते, त्यांना संशय आलाच. ते कोपऱ्यात बसलेल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे वळले. ती बायजी. नर्स यायच्या आधी पाड्यातली सगळी पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली.

"आजी, तुम्ही सांगा. खरं काय ते."

लक्ष्या तिला डोळ्यांनी खुणावू लागला. बायजी गडबडली. सिस्टरबद्दल वाईट बोलायचं असं पाड्याने ठरवलेलं दिसत होतं, आणि खोटं बोलणं तर तिच्याच्याने होईना. तिने थोडा वेळ विचार केला. मग तिला एक सापडलं.

"ती ताडी पिते," बायजी म्हणाली.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पिते? तुम्ही पाहिलंय?"

"मीच तर दिली. नवी आली तवा आमच्या पोरी तिला भ्यायच्या, पळून जायच्या. मग एक दिस माझ्या अंगणात येऊन बसली. मी ताडी दिली. तोंड वाकडं केलं तिनं, पण प्याली. तवापासून पोरी तिच्याकडं जातात." आणि आपल्याकडून जास्तच चांगलं बोललं गेलं की काय, या भीतीने तिने घाईघाईने जोडलं, "पण पिते. खरं सांगते."

पाड्यावर कोणाला त्यात काही वाटलं नाही. तिथे ताडी म्हणजे आपल्याकडचा चहा. आल्यागेल्याला देतात, बायाही घेतात, म्हाताऱ्या तर आधी घेतात. बायजीने शोधून शोधून असा दोष काढला होता, की ज्याने सिस्टरचं काही वाईट होऊ नये. अख्ख्या सभेत जयश्रीबद्दल बोललं गेलेलं ते एकच खरं वाक्य, आणि त्याहून मोठी स्तुती कोणाला करता आली नसती. मला टाळी वाजवावीशी वाटली. साहेबांकडे पाहिलं, तर ते वहीत काहीतरी लिहून घेत होते.

जीपकडे जाताना लक्ष्या माझ्याजवळ आला. मी शर्टावरून त्याला मोठा वाटलो असणार. हळूच म्हणाला, "शेठ, आता तिला नाय ना नेणार?"

"कोण नेणार?"

"सरकार. गेल्या साली पलीकडच्या गावच्या वायरमनला बक्षीस दिलं. चांगला माणूस होता, रात्रीचा पण खांबावर चढायचा. बक्षीस दिलं नि घेऊन गेले. आता त्या गावात कोण नाय, लाईट गेली का गेली. आमची सिस्टरबाय नका नेऊ शेठ. ती नाय, तर आमच्या पोरी मरतील."

तो हात जोडून बोलत होता. मी काय सांगणार होतो? तुमची सिस्टर राहिली तर तिची पोर जाते, असं? मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला वाटलं मी वचन दिलं.

जीप हलली तसा मी तोंड उघडलं. सगळं सांगितलं, वायरमनसकट. "साहेब, ही माणसं तिला जाऊ द्यायची नाही म्हणून खोटं बोलताहेत. एवढा जीव लावलाय तिने त्यांना. याहून मोठा विश्वास आणखी कुठला हवा तुम्हाला?"

"मला कळतंय, काका." साहेबांच्या आवाजात खरंच खंत होती. "पण शंभर माणसांसमोर लोक तिच्याविरुद्ध बोलले. लोकांना विचारायचं आणि मग त्यांचं ऐकायचं नाही, तर हा पुरस्कार कशाला? आणि उद्या पेपरात आलं, दारू पिणाऱ्या नर्सचा सत्कार, तर?"

"दारू नव्हे हो, ताडी!"

"पेपरवाला फरक करतो का?"

"नूतनताई, तुम्ही तरी बोला," मी म्हणालो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "बायजीचं बोलणं मला फार आवडलं." मग माझ्याकडे वळून, "पण खरं आहे म्हणूनच अडचण आहे ना."

माझा तोल गेला. "अडचण कसली? तिची सात वर्षांची पोर सुरतेला जाईल, आईविना वाढेल, ही अडचण!"

साहेबांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"शेजारी आहेत माझे."

गप्प राहिलो असतो तर निदान माझ्या मताला मत म्हणून काही किंमत राहिली असती. आता मी शेजारणीचा वकील झालो होतो. साहेबांनी माझा अपमान केला नाही, उलट उतरताना हात धरून उतरवलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पुरस्कार एका ग्रामसेवकाला गेला. त्याच्याविरुद्ध गावात एकही माणूस बोलला नव्हता, कारण गावाने त्याला फारसं पाहिलेलंच नव्हतं. एक मेला त्याने शाल घेतली. मीही व्यासपीठावर होतो. टाळ्या वाजवल्या, काय करणार!

ताडीची बातमी माझ्या आधी घोलवडला पोचली. कुसुमबाईंना मी बायजीचं सगळं बोलणं शब्दाला शब्द लावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रविवारी जयश्री आली तेव्हा त्यांनी तिला एवढंच विचारलं, "प्यालीस?"

"प्याले," जयश्री म्हणाली. "नसते प्याले तर त्या कोणी जवळ आल्या नसत्या, आई."

"मी समजते गं," कुसुमबाई म्हणाल्या. "पण सुरतवाली समजेल का?"

सुरतवालीला समजायचं नव्हतंच. तिला आता निमित्तही मिळालं होतं. फोनवर ती जतीनला म्हणाली, असल्या आईपाशी ठेवण्यापेक्षा माझ्याकडे राहिलेली बरी. रात्री जतीन माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, कोणावर रागवू ते तरी सांगा." म्हाताऱ्या बायजीवर? सुनेची बाजू समजूनही हतबल असलेल्या सासूवर? साहेबांवर, लक्ष्यावर? ज्याला विचारावं त्याने चांगल्यासाठीच केलेलं. मी बागेत जाऊन एकटाच रडलो. या वयात रडायला लाज वाटते, पण रडलो.

शाळा सुरू व्हायच्या आत निलम गेली. आत्या येऊन घेऊन गेली. पोर नव्या दप्तरामुळे खुशीत होती, आणि गाडी सुटेपर्यंत आईने हसतमुख राहायचं ठरवलेलं होतं. तिने ते पाळलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, हे त्या पाड्याला कळलंच पाहिजे. तुम्ही काय केलंत ते त्यांना तोंडावर सांगायचं. गाडी काढली आणि थेट गेलो.

लसीकरणाचा दिवस होता. उपकेंद्राच्या ओसरीत बाया पोरं घेऊन बसलेल्या, जयश्री वजनं करत होती. मला पाहून लक्ष्या धावतच आला. "शेठ! कसं फसवलं साहेबाला!" तो मोठ्याने हसत म्हणाला. "ठेवली ना आमची सिस्टरबाय!" बाया हसल्या. सोमीने पदर तोंडावर घेतला. बायजी भिंतीला टेकून बसली होती, तीही आपण कामगिरी केल्यासारखी मान हलवत होती.

मी तोंड उघडलं, आणि जयश्री उठून माझ्याजवळ आली. मला थोडं बाजूला नेलं.

"काका, सांगू नका."

"का नको? त्यांना कळायला नको?"

"कळलं तर त्यांना लाज वाटेल. माझ्यासमोर यायच्या नाहीत. सोमीचे दिवस भरत आलेत, ती घरीच बाळंत होईल." तिचा आवाज जराही हलला नाही. "पोर तर गेलीच आहे. निदान हे तरी राहू दे."

ती परत जाऊन बसली. हिरीचा नंबर आला, पोराला पुढे करत ती म्हणाली, "सिस्टरबाय, आता तू कुठं जात नायस. मग तुजी पोर आण ना एकदा. आमी पाहिली पण नाय."

"आणीन."

"इथंच ठेव. माझ्या पोरांत खेळंल, तिला काय कमी पडायचं नाय."

"हो," जयश्री म्हणाली. "सुट्टी लागली की आणते." तिने हिरीच्या हातातून पोरगा घेतला, वजनाच्या झोळीत ठेवला, काटा वाचून आकडा मोठ्याने सांगितला. वजन वाढलं होतं. हिरी खूश झाली.