पट मिटेपर्यंत

बाबांना माझ्या घरी न्यायचं मी ठरवलं होतं, आणि त्यासाठी त्या रविवारी खेळातला एक पत्ता उशीखाली घालून वर ठाण मांडून बसले होते. आधीच सांगून टाकते. नंतर कुणी नाक मुरडायला नको.

आमच्या घरात हे चालतं. नियम आईनं घातलेला. खेळात लबाडी करायला मुभा आहे, पकडला गेला तो बाद, आणि एकदा पट मिटला की कुणी कुरकुर करायची नाही. लहानपणी माझी आणि धाकट्या भावाची रोज जुंपायची. निवाडे करून करून आईचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा तिनं हा तोडगा काढला, आणि पुढं तीच सगळ्यात पोचलेली निघाली. ती गेली, पण नियम राहिला आणि खेळही राहिला. रविवारी जेवणं आटोपली की आम्ही बाबांकडे जमतो आणि टपालाचा पट मांडतो.

पट म्हणजे जुन्या काळच्या कुठल्याशा राज्याचा नकाशा. गावं, रस्ते, मधोमध नदी. आपली पाळी आली की एका गावाचा पत्ता उचलायचा आणि आपल्या टपालाच्या वाटेला जोडायचा. शेजारचं गाव नसेल तर सगळी वाट मोडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. वाट चांगली लांब झाली की तिच्यावरच्या गावांत आपल्या चौक्या लावायच्या. ज्याच्या चौक्या आधी संपतील तो जिंकला. नदीवर पूल आहे तो एकाच गावात, आणि त्या गावाचा पत्ता माझ्या उशीखाली होता. दुसऱ्यांना पूल नाही, आणि मला हवा तेव्हा आहे. इतका सोपा बेत होता.

एरवी मी एवढ्या थराला जात नाही. पण गेल्या महिन्यात बाबा जिन्यात घसरले. राहतात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा आहे तो हात लावला की हलतो. कोपरावर निभावलं, पण मला काही स्वस्थ बसवेना. मी म्हटलं, माझ्याकडे चला. माझं चष्म्याचं दुकान घराखालीच आहे, दिवसभर लक्ष राहील. त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली, पलंग आणला, पडदे लावले. धाकटा म्हणाला, माझ्याकडे चला. तो शिंपी आहे, तळमजल्यावर राहतो, जिन्याचा प्रश्नच नाही. मात्र घरात शिलाई मशीनचा खडखडाट, आणि एक कुत्रा, जो बाबा दिसले की त्यांच्या मांडीवरच चढतो.

महिनाभर आमची जुंपली होती. बाबा हूं की चूं करत नव्हते. शेवटी त्या रविवारी पट उलगडता उलगडता म्हणाले, "आज जो जिंकेल त्याचं ऐकायचं. मग पुन्हा विषय नको."

आम्ही दोघं लगेच हो म्हणालो. बाबा स्वतःही खेळायला बसलेत हे काही आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. पण बाबा कधी जिंकत नाहीत. त्यांच्या लाकडी चौक्या कधीच हरवल्या, काही खिडकीतून खाली गेल्या, काही त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या. म्हणून ते आईच्या डब्यातली बटणं लावतात. कुठल्या शर्टाची, कुठल्या उशीच्या अभ्र्याची. आईच्या कोटाचं एक मोठं डाळिंबी रंगाचं बटण आहे, त्याला ते राजधानी म्हणतात आणि शेवटी लावायला राखून ठेवतात. त्या शेवटापर्यंत ते कधी पोचतच नाहीत, ही गोष्ट वेगळी. खेळाआधी मी धाकट्याच्या चौक्या मोजते, तो माझ्या मोजतो. बाबांची बटणं मोजायचं आजवर कुणाच्या डोक्यातही आलेलं नाही.

डाव सुरू झाला आणि धाकटा हात धुऊन माझ्या मागं लागला. मला जो पत्ता हवा तो हा उचलणार. स्वतःच्या वाटेला लागत नसला तरी उचलणार.

"तुला त्या बंदराचा काय उपयोग?" मी विचारलं.

"हवापालट," तो म्हणाला.

"तुझी वाट मोडली ना त्यानं."

"माझी वाट, माझा पाय. तू तुझं बघ."

माझं टाळकं सरकलं. मग मीही त्याचे पत्ते उचलायला लागले. आमची दोघांची अशी काही खेचाखेच चालली होती की टपाल कुठल्याच गावाला पोचलं नसतं. बाबा मात्र नदीच्या वाटेला न जाता डोंगरातून वळसा घालत हळूहळू निघाले होते. एक पत्ता, मग एक पत्ता. त्यांनी स्वेटर गळ्यापर्यंत लावला होता आणि कपाळावर घाम आला होता.

"बाबा, उकडत नाही का?" मी म्हटलं.

"कोपराला गार लागतं," ते म्हणाले.

कोपराला गार लागतं म्हणून गळ्याचं बटण कोण लावतं, हे तेव्हाच सुचायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष धाकट्याच्या हातावर.

मधेच खालून हाक आली. बाबांनी खिडकीतून दोरीची टोपली सोडली. वर आला गंजलेलं कुलूप लावलेला एक पत्र्याचा डबा आणि त्याच्यामागं एका बाईचा आवाज, "किल्ली आतच राहिली हो, पोरं खेळून आली की खाऊ मागतील." बाबा आपल्या पाळीची वाट बघत तार घेऊन कुलपाशी खेळत बसले. पत्ता उचलला, तार फिरवली, पत्ता लावला, तार फिरवली. कुलूप टक्कन उघडलं तसं त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं, टोपली खाली सोडली आणि हात पुसून पुन्हा डावात आले. माझ्याकडच्या खोलीची खिडकी मागच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, हे मला उगाच आठवलं. मी ते झटकून टाकलं.

शेवटी माझ्या हातात एकच चौकी उरली. पुढच्या पाळीला पुलाचा पत्ता उशीखालून हातात आला की संपलं. धाकटा तर अजून अर्ध्यावरही नव्हता. मी मनातल्या मनात बाबांच्या कपड्यांची बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात बाबांनी डोंगरातल्या त्या लांबलचक वाटेवर ओळीनं बटणं मांडली आणि हात झटकले.

"संपल्या," ते म्हणाले.

"काय संपल्या?"

"चौक्या. मी जिंकलो. मी इथंच राहणार. चहा टाकतो."

मी पटाकडे बघतच राहिले. सगळीकडे बटणं. पांढरी, काळी, एक सोनेरी. पण राजधानी कुठंय? मी पट पुन्हा बघितला. मग मान वर केली आणि चष्मा नाकावर सारला. लोकांचे डोळे तपासण्यात माझा जन्म गेला, आणि समोर हातभर अंतरावरचं मला दुपारभर दिसलं नव्हतं. बाबांच्या स्वेटरला सगळी बारीक करडी बटणं आणि अगदी वर, गळ्याशी, डाळिंबी रंगाचं भलंमोठं बटण. एक बटण कमी घेऊन बसले होते. त्या एकाच बटणानं मला मारलं होतं.

आणि ते शिवलं होतं कसं, तर बटणाखाली दोऱ्याला पीळ देऊन, बटण कापडापासून जरा वर उचलून. असं बटण या घरात एकच माणूस लावतो. माझा कोट त्यानंच शिवलाय, मला ओळखता येतं. मी धाकट्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. म्हणजे हा सुरुवातीपासून फितूर होता. हवापालट म्हणे. दुपारभर माझी वाट अडवणं एवढंच याचं काम होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक वाक्य बोलायचं होतं. दोघंही बाद, मी एकटी उरले, बाबा माझ्याकडे. आईचाच नियम. खोली तयार होती, पडदे लावलेले होते, जिन्याचा घोर कायमचा मिटला असता.

बाबांनी पटाची एक बाजू उचलली. अर्ध्यावर आणली आणि तिथंच थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मिटू का?"

त्यांना माहीत होतं की मला दिसलंय. पटाची कड ते सोडत नव्हते, आणि नजरही माझ्यावरून हलवत नव्हते. बाबांना मी घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. माझ्या घरी यायला ते इतके घाबरतात, याचं मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"मिटा," मी म्हटलं. "पण उद्या कठड्याला माणूस पाठवतेय. त्याला परत पाठवलंत तर माझ्याशी गाठ आहे."

पट मिटला. बाबांनी सगळ्यात आधी गळ्याचं बटण सोडलं आणि मोठा श्वास घेतला. "उकडून जीव गेला माझा," ते म्हणाले. "खिशात ठेवणार होतो, पण तू खिसे तपासतेस."

"आणि तू?" मी धाकट्याकडे वळले. "महिनाभर माझ्याशी भांडत होतास ते?"

"भांडत होतोच. पण परवा इथं आलो तेव्हा बाबा मला म्हणाले, एवढं बटण शिवून दे. का ते विचारलं, तर सांगितलं." तो खांदे उडवून म्हणाला, "मग काय करू?"

आता नियमाप्रमाणं कुणी काही बोलू शकत नव्हतं, तेव्हा मीही उशीखालून पुलाचा पत्ता काढला आणि मिटलेल्या पटावर आपटला. "मीपण काही कमी नाही," मी म्हटलं. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबा चहाचं पातेलं घासत होते, त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"तुला कधीपासून उशी लागायला लागली?" ते म्हणाले. "बसलीस तेव्हाच कळलं मला."

"मग पकडलं का नाही? तिथंच जिंकला असतात. बटणाची भानगडच नको होती."

बाबांनी पातेल्यात पाणी घातलं. "पकडलं असतं तर खेळ तिथंच संपला असता," ते म्हणाले. "मग तुम्ही दोघं चहा पिऊन लगेच घरी. अजून सगळी दुपार पडली होती."

मी पट पुन्हा उलगडला, पुलाचा पत्ता गड्डीत घातला आणि ती पिसायला घेतली. "ते बटण उसवा आणि इकडे टाका," मी म्हटलं. "या वेळी तुमची बटणं मी मोजणार आहे."