काळ्या मुंग्या

मयुराने उकळत्या पाण्याचं पातेलं मोरीत तिरपं केलं, तेवढ्यात मागून सासूने, पंचफुलाबाईंनी, तिचं मनगट धरलं.

"मारू नोको वं. काळ्या हायेत. काळ्या मुंग्या लक्ष्मी घेऊन येतात घरात."

मयुराने पातेलं खाली ठेवलं. ओट्यावरच्या साखरेच्या डब्याकडे त्या मुंग्या ढुंकूनही बघत नसत. मोरीतच येत, आणि पंचफुलाबाई लघवी करून आल्या की जास्तच येत. कुणी आतून हाक मारल्यासारख्या.

पारशिवनीच्या धोंडबा वैदूची पांढरी पुडी सुरू केल्यापासून पंचफुलाबाईंचे गुडघे दुखायचे थांबले होते. चेहरा भरून आला होता. तहान तेवढी भागत नसे, तांब्या उशाशीच.

"सुनेच्या हातचं मानवलं तुले," शेजारच्या तुळसाबाई म्हणत.

यंदा सगळ्या घरालाच मानवलं होतं. मयुराच्या वर्षभराच्या आयुषची छाती सारखी घरघरायची, तीही शांत झाली होती. गाल तर असे टम्म, की मयुरा रोज आधी गालाला तीट लावी, मग स्वतःला टिकली.

मुंग्यांचं कोडं काही सुटेना. शेवटी आयुषला कडेवर घेऊन तिने सासूला रामदासपेठेत डॉक्टरांना दाखवलं. दारातल्या कंपाउंडरने पोराचा गाल ओढला. "वा रे पैलवान!"

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग पुडी उलगडून पाहिली.

"साखर फार वाढली आहे. अशा पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं दुखणं थांबतं, चेहरा सुजतो, साखर चढते. लघवीत साखर उतरली की मुंग्या येणारच. पण पुडी मनानं एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. मी सांगतो तशी कमी करायची."

ऑटोत पंचफुलाबाई आयुषकडेच बघत होत्या.

"घाबरू नका आई, होते बरं," मयुरा म्हणाली. त्यांनी नुसता आयुषच्या पायावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत उचलला नाही.

घरी आल्यावर मयुराने आयुषचा ओला लंगोट खोलीच्या कोपऱ्यात टाकला आणि दूध तापवायला गेली. परत आली तर पंचफुलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मोरी कोरडी होती. मुंग्यांची रांग उंबरा ओलांडून खोलीत आली होती. शांतपणे, एकामागे एक, कोपऱ्याकडे.

"आई?"

पंचफुलाबाईंनी करंगळी पुढे केली. नखाचं टोक दाखवलं.

"त्याले एवढीशीच देत होती मी. मधात. त्याची छाती ऐकवत नव्हती वं मले."

मयुराने आयुषला उचललं. तो हसला. पुनवेच्या चंद्रासारखा गोल, गुटगुटीत चेहरा. गालावर सकाळची तीट होती.

शेजारी आणखी एक होती. मयुराने बोट लावलं, तशी ती हळूच चालू लागली.